कानसेन आणि प्रीॲम्प

मंगळवार, ७ नोव्हेंबर. नळाला पाणी सव्वानऊला आले. धोबी आला नाही. मुलीचा फोन, सर्व ठीक. साडेअकराला सेटवाला स्वतः प्रीॲम्प घेऊन आला, तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर धरून. भाऊजी जेवले दीडला, उभ्याउभ्याच. पाच ते आठ या वेळात रेकॉर्डी लावल्या. स्पीकरमधून सतत 'घूं' असा आवाज येतो. भाऊजी म्हणाले, उद्या काढतो.

त्या दिवशीची नोंद एवढीच. 'उद्या काढतो' लिहून मी पेनाचे टोपण लावले आणि निवांत झोपले. पुढच्या आठवड्यापासून मात्र पंधरा दिवस मी धड झोपले नाही. डायरीतले माझे अक्षर पाहिले तरी ते कळते. पंधरा तारखेपासून ते एकदम बारीक झाले आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी लग्न केले नाही. माझे यजमान गेले तेव्हा मुलगी म्हणत होती, आई, इकडेच राहायला ये. मी हो-नाही करत होते. तेवढ्यात भाऊजींनी आपले भाड्याचे घर सोडले, दोन सुटकेस आणि चौदा खोकी रेकॉर्डी आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवल्या, आणि तो विषय संपला. त्याला आता आठ वर्षे झाली. ते एकाहत्तरचे, मी चौऱ्याहत्तरची. भाजीत मीठ विसरले तर 'वहिनी, आज भाजीवर डॉक्टरांचा हात फिरलेला दिसतो' असे म्हणून निमूट जेवणारा माणूस. भांडण असे आमचे कधी झाले नाही.

गल्लीत त्यांना कानसेन म्हणतात. ते नाव पंपांच्या कारखान्यातले. तिथे त्यांनी छत्तीस वर्षे शेवटच्या तपासणीचे काम केले. पंप चालू करायचा, लाकडी मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ आपल्या कानामागच्या हाडावर. दहा सेकंद डोळे मिटून उभे राहायचे. मग पंपावर खडूने बरोबरची खूण, नाहीतर फुली. त्या फुलीवर अपील नसे. एकदा मीटर सगळे ठीक दाखवत असताना त्यांनी ओळीने चाळीस पंपांवर फुल्या मारल्या. साहेब भडकले. यंत्र खोटे आणि तुमचा कान खरा का, म्हणाले. पंप उघडले तर प्रत्येक बेअरिंगमध्ये एखादी तरी गोळी खडबडीत निघाली. तेव्हापासून कारखान्यात मीटर दुसऱ्या क्रमांकावर आणि कानसेन पहिल्या.

ती सवय घरातही होती. पंखा असो, मिक्सर असो, दुरुस्ती झाली की शेवटी कान लावायचा. प्लगमध्ये वायर बसवली की स्क्रू पुरता आवळला गेला का हे दुसरा कोणी वायर ओढून पाहील. भाऊजी प्लग भिंतीत खुपसून बटण दाबत आणि कान जवळ नेत. ढिला स्क्रू चुरचुरतो, म्हणत, आणि ती चुरचुर मला दोन खोल्यांपलीकडून येते. खरेच येत असे. एकदा शेजारच्या घरातला ढिला प्लग त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावरून ओळखला होता. बाकी विजेच्या बाबतीत माणूस अत्यंत सावध. चालू सेटमध्ये हात घालायचा तर डावा हात पँटच्या खिशात ठेवत, म्हणजे तो चुकूनही दुसरीकडे टेकायला नको.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांना आपला सेट बिघडल्यासारखा वाटू लागला. झांजा ओल्या टॉवेलवर आपटाव्यात तशा वाजतात, बासरीतली फुंकर कुठे गेली कळत नाही, अशी तक्रार. त्यांनी प्लेअरची सुई बदलली, स्पीकरच्या वायरी बदलल्या, एकेक रेकॉर्ड साबणाच्या पाण्याने धुऊन काढली. बारीक आवाज वाढवायचे बटण, ज्याला ते ट्रेबल म्हणत, ते उजवीकडे पार टोकाला जाऊन बसले. मला तर गाणी हल्ली कानात टाचण्या टोचल्यासारखी ऐकू येत. पण कानसेनापुढे आपण काय बोलणार? मी स्वयंपाकघराचे दार लोटून घेत असे.

शेवटी त्यांनी निदान केले: जुन्या ॲम्प्लिफायरच्या पोटातला प्रीॲम्प म्हातारा झाला आहे, वेगळा, उत्तम प्रतीचा हवा. मला त्यांनी बटाटे सोलता सोलता समजावले होते. सुईतून निघतो तो आवाज मुंगीच्या पावलाएवढा. तो आधी अलगद उचलून धरतो तो प्रीॲम्प. मग ॲम्प्लिफायर त्याला ताकद देतो आणि स्पीकरपर्यंत ढकलतो. पहिल्याच्या हातून सांडले तर पुढचा कितीही पैलवान असो, तो सांडलेलेच वाहून नेणार.

बाजारात एका जिन्याखाली सेटवाल्याचे दुकान आहे. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, मोजके बोलणारा माणूस. सगळे हाताने बांधतो. त्याने चार महिने घेतले, पण वस्तू देखणी केली. पुढे चकचकीत पत्रा, दोन मोठी बटणे, मागे सोनेरी जोडण्या.

आता पेट्या दोन झाल्या, तीन पिनांचे प्लग दोन झाले आणि घरात तो 'घूं' शिरला. बुधवारी भाऊजींनी एका प्लगमधली हिरवी वायर काढली, घूं निम्मा झाला. गुरुवारी दुसऱ्यातली काढली, घूं गेला. मी विचारले की ती वायर कशासाठी असते. ते म्हणाले, "अर्थिंगची. तिचं काम वर्षातून एकदा, आणि गुणगुण मात्र रोजची. घरजावई आहे हो नुसता."

मी हसले, आणि डायरीत लिहिले: दोन्ही प्लगांतल्या हिरव्या वायरी काढल्या. आवाज बंद. भाऊजी खूश.

पंधरा तारखेला, बुधवारी सकाळी, ते फिरायला गेले असताना मी त्यांच्या खोलीतली धूळ पुसत होते. सेट चालूच ठेवून गेले होते, नवी पेटी तापून राहिली तर चांगली वाजते म्हणून. मी अनवाणी होते, हातात ओले फडके. त्या चकचकीत पत्र्यावरून फडके फिरवले आणि बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या धावल्या. हात आपोआप मागे आला. मी पुन्हा एक बोट लावून पाहिले. पुन्हा मुंग्या.

ते आल्यावर सांगितले. त्यांनी रबरी चपला घातलेल्या पायांनी उभे राहून सगळ्या पत्र्यावर तळहात फिरवला आणि म्हणाले, थंडीचे दिवस आहेत वहिनी, लोकरीचा स्वेटर घातला की असे होते. माझ्या अंगात सुती पोलके होते.

घरात आलेल्या प्रत्येक यंत्राची माहितीपत्रके मी एका फाइलीत ठेवते. दुपारी ती काढून बसले. धुण्याच्या यंत्राच्या पत्रकात चौथ्या पानावर एका चौकटीत लिहिले होते: अर्थिंगची वायर काढू नये. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरल्यास ती या वायरीतून जमिनीत जाते. वायर नसल्यास ती पत्र्याला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते व मृत्यू ओढवू शकतो. शेजारी आडव्या पडलेल्या माणसाचे चित्र. त्या माणसाला चेहरा नव्हता, नुसते गोल डोके. पण मी पाहत राहिले आणि मला तिथे चेहरा दिसू लागला.

ते पान मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले आणि अगदी समजुतीने सांगितले की वीज पत्र्यात उतरते ती काही बिघडले तर. आणि बिघडले तर मला ऐकू येणार नाही का?

शनिवारी, अठरा तारखेला, मला ती चुरचुर ऐकू आली.

अगदी बारीक. लांबच्या एखाद्या घरात कढईत पाण्याचा थेंब पडावा तशी. मी त्यांच्या खोलीत बिछान्याची चादर बदलत होते, ते खुर्चीत पेपर वाचत होते, सेट चालू पण रेकॉर्ड लावलेली नव्हती. मी चादर हातात घेऊन थांबले. चुर्र. थांबले. पुन्हा चुर्र. आपलेच कान वाजत असतील, या वयात वाजतात, म्हणून मी दोन्ही कानांत बोटे घातली. आवाज गेला. बोटे काढली, आला. म्हणजे तो बाहेरच होता, भिंतीकडच्या बाजूला.

"भाऊजी, काही चुरचुरतंय का?"

त्यांनी पेपर खाली ठेवला, उठले, प्लगांपाशी गुडघे टेकून बसले. डोळे मिटले. आवाज येतच होता. मला तो दारातून स्पष्ट येत होता, आणि त्यांचा कान तिथून वीतभर होता. दहा सेकंदांनी त्यांनी डोळे उघडले.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

त्याच क्षणी त्यांच्या मनगटावरचे घड्याळ वाजले. बाराचा ठोका, टिक-टिक असा दोनदा. दर तासाला वाजणारे ते घड्याळ त्यांना कारखान्याने निवृत्तीच्या दिवशी दिले होते. पूर्वी ते वाजले की ते हटकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आणि कोणते किती पुढे-मागे ते सांगत. आता ते वाजले, आणि ते उठून, गुडघे झाडून, पुन्हा पेपर वाचायला बसले. महिन्यापूर्वी ते मला म्हणाले होते की या घड्याळाचा ठोका बंद पडला, नवा सेल घालायला हवा.

चादर माझ्या हातात तशीच राहिली. सुई ठीक होती. वायरी ठीक होत्या. जुना प्रीॲम्पही ठीकच असणार. बासरीतली फुंकर सेटमधून गेलेली नव्हती.

त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. आणि ती एका बाजूची नव्हती. सांगितले नाही तर ती पेटी त्यांचा जीव घेईल. सांगायचे तर काय सांगायचे? तुमचे कान गेले? ज्या माणसाचे नावच कानसेन, त्याच्या तोंडावर? आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगत की भीती वाटली तर ती तारीख घालून लिहून काढावी, निम्मी होते. मी लिहून काढली. निम्मी झाली नाही. उलट दुसऱ्या दिवशी वाचली तेव्हा दुप्पट वाटली.

मी उपाय शोधले, सगळे चोरटे. ते बाहेर पडले की मी लाकडी पोळपाटावर उभी राहून, लाटण्याच्या टोकाने भिंतीतली बटणे बंद करायची. ते येऊन पुन्हा लावायचे. त्यांच्या खुर्चीखाली मी जाड सतरंजी घातली. पाय गार पडतात ना तुमचे, म्हटले. मुलीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, आई, फ्रिजचा आवाज असेल, तू उगाच काळजी करतेस, काकांना कळणार नाही का? सगळ्यांचा भरवसा त्याच कानांवर.

आणि रोज संध्याकाळी पाच ते आठ, ते गाणी ऐकायचे तेवढा वेळ, मी मधल्या बोळात स्टूल टाकून बसायची. बोळात घराचा मेन स्विच आहे, लोखंडी दांड्याचा, जुना. दांडा माझ्या डोक्याच्या उंचीवर. मांडीवर डायरी, हातात पेन आणि लक्ष त्यांच्या खोलीकडे. तिथून मला त्यांची अर्धी पाठ आणि उजवा हात दिसे. खुर्ची खिडकीला लागून होती. रेकॉर्ड बदलायला ते प्लेअरकडे वाकत, तेव्हा डाव्या हाताने आधारासाठी खिडकीचा गज धरत. गज लोखंडाचे, भिंतीत खोल गेलेले. काम करताना खिशात जाणारा हात, ऐकताना त्यांना तो आठवत नसे. दर वीस मिनिटांनी रेकॉर्ड संपे, ते वाकत, आणि माझा हात दांड्याकडे जाई. रेकॉर्ड सुरू झाली की मी श्वास सोडी. त्या बारा संध्याकाळी मी कोणती गाणी ऐकली ते मला सांगता यायचे नाही.

एकदा त्यांनी विचारले की तुम्ही बोळात का बसता? डायरी लिहायला, मी म्हटले. ते हसून म्हणाले, वहिनी, एवढं काय घडतं हो आपल्या घरात?

एकोणतीस तारखेला दुपारी मी पाणी प्यायला उठले तर ते स्वयंपाकघरात होते. फ्रिजच्या बाजूला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानामागे धरून उभे. डोळे मिटलेले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग पुन्हा पहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी त्यांच्या भावाच्या शेवटच्या आजारातही पाहिले नव्हते. मी पाणी न पिताच मागे फिरले. म्हणजे त्यांनाही भीती होती. आम्ही दोघे एकाच घरात एकाच गोष्टीला भिऊन एकमेकांपासून लपत होतो.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते फिरायला गेल्यावर मी सेटवाल्याच्या दुकानात गेले. सगळे सांगितले, तारखांसकट. मुंग्या कधी, चुरचुर कधीपासून. हिरव्या वायरी काढल्याचे ऐकताच त्याने हातातले सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवले.

"दोन्ही काढल्या?"

"दोन्ही."

तो म्हणाला की एक काढली तर पेट्या आवाजाच्या वायरींनी एकमेकींना जोडलेल्या असतात, एकीची अर्थिंग दुसरीला पुरते. दोन्ही काढल्या तर कुणालाच काही नाही. एका पेटीच्या पत्र्यात वीज उतरली तर दुसरीच्याही पत्र्यात, प्लेअरच्या सुईच्या दांडीतही. मग त्याने दुकानाचे दार ओढून घेतले. तो म्हणाला, मी अवजारे घेऊन मागोमाग येतो, आजी. तुम्ही पुढे व्हा आणि कोणाला हात लावू देऊ नका.

टॅक्सीत मी घड्याळ पाहत होते. भाऊजी साडेअकराशिवाय येत नाहीत. अकरा वाजले होते. मी जिना चढले तेव्हा वरून गाण्याचा आवाज आला.

दार ढकलले. दाराशीच त्यांच्या रबरी चपला होत्या, नीट जोडीने ठेवलेल्या. फरशी ओली होती. गुरुवारी कामवाली बाई फरशी धुते, आणि फरशी ओली असताना चपला दाराशी काढायच्या, ठसे उठतात, ही शिस्त या घरात मी लावलेली. लग्न होऊन आले तेव्हापासूनची. बाईने सतरंजीही उचलून खुर्चीवर टाकली होती.

रेकॉर्ड संपत आली होती. भाऊजी अनवाणी उभे होते. डावा हात खिडकीच्या गजावर होता. उजवा हात प्लेअरकडे निघाला होता.

मी हाक मारली नाही. हाकेने ते दचकले असते, किंवा ऐकू न येता तो हात पुढेच गेला असता. मी बोळात वळले आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. गाणे खोल विहिरीत पडल्यासारखे खाली खाली जात थांबले.

"लाइट गेले का?" त्यांनी आतून विचारले. मग बोळात आले आणि त्यांना दांड्याला लटकलेली मी दिसले. मी तो सोडला नव्हता.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"सेटवाला येतोय," मी म्हटले. "तो येईपर्यंत नाही."

आठ वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. माझ्या वस्तूत तुम्ही परक्या माणसाला का आणता, मी काय कुक्कुलं बाळ आहे का, छत्तीस वर्षं मी काय गवत उपटलं? मी दांडा धरून ऐकत राहिले. तेवढ्यात सेटवाला जिना चढून आला. त्याने खोलीत जाऊन प्लेअरची सुई उचलून ठेवली, आम्हा दोघांना दाराबाहेर उभे केले, आणि मला मेन चालू करायला सांगितला.

दांडा वर केला. दोन-तीन क्षण काही नाही. मग चुर्र.

सेटवाल्याची मान लगेच भिंतीकडे वळली. माझीही वळली असणार. भाऊजी माझ्याकडे पाहत होते, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ज्यांना काही ऐकू येते आहे अशी दोन तोंडे ते पाहत होते.

"कुठे?" त्यांनी विचारले. राग सगळा गेला होता.

सेटवाल्याने ॲम्प्लिफायरच्या प्लगकडे बोट दाखवले. मग रबरी तळाच्या बुटांनिशी पुढे होऊन खिशातला टेस्टर प्रीॲम्पच्या चकचकीत पत्र्याला लावला. टेस्टरमधला छोटा दिवा लाल पेटला. प्लेअरच्या दांडीला लावला, तिथेही पेटला. भाऊजींनी दाराची चौकट धरली.

मेन पुन्हा बंद करून सेटवाल्याने प्लग उघडला आणि आमच्यापुढे धरला. आत काळे झाले होते. फेजचा स्क्रू ढिला राहिला होता, वायर तिथे थरथरत तापत होती. भाऊजींनी कापून टेप गुंडाळून आतच ठेवलेली हिरवी वायर शेजारी होती. उष्णतेने टेप वितळून कोळसा झाली होती, आणि तिचे टोक आणि तो स्क्रू यांत तांदळाच्या दाण्याइतकेही अंतर उरले नव्हते. सेटवाला म्हणाला की कोळशातून थोडी थोडी वीज उतरत होती म्हणून आजींना मुंग्या आल्या. अजून आठवडाभर राहिले असते तर टोक टेकले असते, मग मुंग्या आल्या नसत्या.

मग भाऊजी म्हणाले, "मी ऐकून पाहिला होता. आवळल्यावर. ऐकून पाहिला होता, वहिनी."

"माहीत आहे."

"तुम्हाला कधीपासून येतोय?"

"अठरा तारखेपासून."

"म्हणजे मी गुडघ्यावर बसलो होतो तेव्हाही."

"तेव्हाही."

ते त्याच ओल्या फरशीवरून चालत खुर्चीपाशी गेले आणि सतरंजीसकट खुर्चीत बसले. तिथून म्हणाले, "त्या बोळात लिहायला उजेड तरी असतो का?" मी नाही म्हटले.

सेटवाल्याने दोन्ही हिरव्या वायरी परत जोडल्या, नवे प्लग लावले, दोन्ही एकाच पट्टीवर घेतले आणि मधल्या आवाजाच्या वायरीभोवतीची तांब्याची जाळी एका टोकाला सोडवली. घूं असा काढतात, म्हणाला. भाऊजींनी प्रत्येक स्क्रू त्याच्यासमोर हाताने ओढून पाहिला. मग मीटर लावायला लावला. मग पुन्हा ओढून पाहिला. सेट सुरू झाला तेव्हा त्यांनी रेकॉर्ड लावली, पण खुर्चीत मला बसवले आणि स्वतः बाजूला उभे राहिले. ट्रेबलचे बटण धरून म्हणाले, तुम्ही सांगा कुठे थांबू. मी सांगितले तिथे थांबले. बटण जवळजवळ मधोमध आले.

"आता झांज कशी आहे?"

"झांजेसारखी," मी म्हटले. "पितळेची."

त्यांनी मान हलवली. त्यांना ती तशी ऐकू येत नव्हती हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. सेटवाला चहा न घेताच गेला.

तो गेल्यावर त्यांनी कागद मागितला. मला वाटले यादी करायची असेल डॉक्टरची, वेळेची. तसे नव्हते. त्यांनी विचारले, वहिनी, मला अजून काय काय येत नाही ते सांगा. न भिता सांगा. मी म्हटले, घड्याळाचा ठोका. त्यांनी लिहिले. कुकरची शिट्टी, दुसऱ्या खोलीतून. त्यांनी लिहिले. दाराची बेल कधी कधी. रस्त्यावर मागून येणारी सायकलची घंटी. तिथे पेन थांबले. मी त्या घंटीच्या भीतीने रोज सकाळी खिडकीत उभी असते हेही सांगून टाकले. आणि गॅस चुकून सुरू राहिला तर त्याची सूसू? ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "ती बघावी लागेल. ती मला माहीतच नाही, की येते की नाही."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मी खिडकी उघडली आणि शेगडीचे बटण न पेटवता एकच क्षण फिरवले. ते हातभर अंतरावर उभे होते, डोळे मिटून. मी बंद केले.

"केलंत का सुरू?" त्यांनी विचारले.

मी हो म्हटले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. उद्या दहा वाजता कानाच्या डॉक्टरकडे जायचे ठरले, मी बरोबर.

गुरुवार, ३० नोव्हेंबर. सकाळचे दूध तापवायचे राहून गेले, नासले. चहासाठी दुधाची पावडर आणली, लहान पुडा.